विस्तवाची देवघेव

इंग्रजी भाषेचे आणि माझे पहिले भांडण झाले ते अग्नीवरून. नगरच्या शाळेत आठवीच्या वर्गात आम्हांला लावलेल्या इंग्रजी पुस्तकात एका वाटसरूची गोष्ट होती. अरण्यात रात्र पडल्यावर तो लाकडे गोळा करतो, शेकोटी पेटवतो, तिच्या उबेत निजतो, आणि पहाटेच्या सुमारास ‘द फायर वेंट आउट’ असे एक दिसायला अगदी निरुपद्रवी वाक्य येते. फायर म्हणजे आग, वेंट म्हणजे गेली, आउट म्हणजे बाहेर, एवढी शब्दसंपत्ती गाठीशी असल्यामुळे मी मोठ्या आत्मविश्वासाने उभा राहिलो आणि ‘आग बाहेर गेली’ असे भाषांतर सांगून मोकळा झालो. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ‘कुठं गेली रे? चावडीवर?’ एवढेच विचारले. पुढच्या वर्षी त्याच शब्दाने दुसऱ्यांदा घात केला. ‘द मास्टर फायर्ड हिज क्लार्क’ ह्या वाक्यात मी मालकाकडून कारकुनाला गोळी घालवली. कारण नगरसारख्या लष्करी छावणीच्या गावात फायर ह्या शब्दाचा तो अर्थ शाळेत जाऊन शिकण्याची कोणालाच गरज नव्हती. वास्तविक तो बापडा केवळ बडतर्फ झाला होता. पुढे ह्याच भाषेच्या अध्यापनावर माझा योगक्षेम चालला, पस्तीस वर्षे मी इतरांच्या मुलांना हीच वाक्ये शिकवली, आणि तरीही आज सेवानिवृत्तीच्या निवांतपणात त्या दोन चुका आठवल्या म्हणजे असे वाटते की मूर्खपणाचा सगळा वाटा काही माझाच नव्हता.

शाळेत फायर शिकण्यापूर्वी घरी मी विस्तव शिकलो होतो. माळीवाड्यातील ज्या जुन्या वाड्यात आमचे दोन खणांचे बिऱ्हाड होते तेथे आजीच्या दृष्टीने रोज सकाळी चुलीसाठी नवी काडी ओढणे ही एक प्रकारची उधळपट्टीच होती. रात्रीची निरवानिरव झाली की ती चुलीतले धडधाकट निखारे एका कोपऱ्यात ओढी, त्यांवर राखेचे पांघरूण घाली आणि सकाळी तीच राख हलक्या हाताने बाजूला सारून फुंकणीने फुंकर मारी. आत कोठेतरी जागा राहिलेला एखादा निखारा डोळा उघडल्यासारखा तांबूस होई आणि दिवस सुरू होई. पावसाळ्यात सर्दावलेल्या राखेखाली कधी सारेच निखारे निजून जात. मग गोवरीचा एक तुकडा माझ्या हाती देऊन शेजारच्या काकूंकडे माझी रवानगी होई. काकू चिमट्याने दोन निखारे उचलून त्या तुकड्यावर ठेवत, वर चिमूटभर राख भुरभुरत आणि ‘वाऱ्याच्या अंगानं चालू नकोस’ असे बजावत. ह्या व्यवहाराची नोंद कोणत्याही वहीत होत नसे. उसने नेलेले पीठ वाटीने मोजून परत करावे लागे, साखर तर वाटीला हात फिरवून सपाट करून परत करावी लागे. पण नेलेला विस्तव परत करायचा नसतो, तो एखाद्या सकाळी मागायला येईल त्याला द्यायचा असतो, हे न शिकवता कळत होते.

आणि म्हणूनच त्या वाड्यात दोन घरांचे वैर मोजण्याचे मापही विस्तवच होते. अंगणातल्या एकमेव नळावर हंडा कोणी आधी लावायचा ह्या तंट्यात आजीचे आणि काकूंचे एकदा असे वाजले की पुढे कित्येक महिने त्या दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. हा वाक्प्रचार आज आपण राजकीय पुढाऱ्यांच्या संबंधात सर्रास वापरतो आणि तो अलंकार आहे असे समजतो; मी मात्र तो अलंकार होण्यापूर्वीच्या अवस्थेत पाहिला आहे. त्या महिन्यांत माझी गोवरी दोन वाडे ओलांडून पलीकडच्या आळीत जात असे आणि तेवढ्या अंतरात निम्म्या वेळा निखारा वाटेतच मान टाकत असे.

अग्नीसाठी मराठीला किती शब्द लागतात ह्याची मोजदाद मी वर्गात मुलांकडून एकदा करवून घेतली होती. फळा भरला तरी मुले थांबेनात. देवापुढचा तो अग्नी, घराला लागते ती आग, चुलीत असतो तो विस्तव, चुलीखाली सारतात तो जाळ, डोंगरावर पसरतो तो वणवा, साधूपुढे असते ती धुनी, थंडीत पेटवतात ती शेकोटी, आणि पौष महिन्यात शेताच्या बांधावर खड्डा करून गोवऱ्या पेटवून जिच्यात ज्वारीची कोवळी कणसे भाजतात ती आगटी. आमच्या कोरडवाहू जिल्ह्यात हुरड्याचे दिवस हे वर्षातले सर्वांत सुखाचे दिवस, त्यामुळे आगटी हा शब्द सांगताना शेवटच्या बाकावरची खेड्यातून येणारी मुलेही उभी राहिली. मग एका मुलीने विचारले, ‘सर, ह्या सगळ्यांना इंग्रजीत फायरच म्हणायचं?’ मी हो म्हणालो आणि मलाच थोडी लाज वाटली.

ही लाज पूर्णपणे न्याय्य नव्हती हेही लगेच सांगितले पाहिजे. इंग्रजीचे नामांचे दप्तर ह्या बाबतीत आटोपशीर असले तरी क्रियापदांच्या खात्यात ती भाषा चांगली सधन आहे. उकळत्या पाण्याने वा वाफेने भाजले तर त्यासाठी तिच्यापाशी स्काल्ड आहे, नुसती शेंडे जाळणारी झळ लागली तर सिंज आहे, वस्त्रावर इस्त्रीचा पिवळा डाग पडला तर स्कॉर्च आहे, लाकूड कोळशासारखे काळे पडले तर चार आहे. मराठीत भाकरीही भाजते आणि हातही भाजतो. इष्ट आणि अनिष्ट ह्यांत क्रियापद भेद करीत नाही, तो भेद तवा धरणाऱ्याने करायचा असतो. उलट भात करपतो, दूध बुडाशी लागते, पाय पोळतो, पीक होरपळते, ओले लाकूड धुमसते आणि समई तेवते, हे सारे बर्न ह्या एका शब्दाच्या दावणीला बांधू गेले तर मराठी गृहिणी त्याला पाककलेतले अज्ञानच म्हणेल. दिव्याच्या बाबतीत तर आपली सभ्यता अशी की तो विझवला असे म्हणणे जिवावर येते. दिवा मालवायचा असतो, समईला निरोप द्यायचा असतो. इंग्रजीत मात्र सर्वच प्रकारचे अग्नी निमूटपणे बाहेर जातात.

पण माझ्या विषयाचे खरे बीज ह्या तुलनेत नाही. दोन भाषांचा संबंध आला की कोणता शब्द कोणत्या दाराने आत येतो हे पाहण्यासारखे असते, आणि फायर हा शब्द आमच्याकडे माजघराच्या दाराने कधीच आला नाही. तो वेशीवरून, तोफेच्या तोंडातून आला. गोळ्यांच्या फैरी झाडल्या असे आपण म्हणतो तेव्हा अस्सल मराठी बोलत आहोत अशी आपली समजूत असते. कोशकार मात्र त्या ‘फैर’ची व्युत्पत्ती इंग्रजी फायरपाशीच नेऊन ठेवतात. शब्द इतका रुळला की त्याचे अनेकवचन झाले, स्त्रीलिंग झाले, आणि वर्तमानपत्रांतून आरोपांच्याही फैरी झडू लागल्या.

ह्याचा अर्थ इंग्रज येण्यापूर्वी ह्या मुलखाला तोफा ठाऊक नव्हत्या असा नव्हे. ज्या मुलूखमैदान तोफेचे नाव आज आपण एखाद्या गर्जणाऱ्या वक्त्याला बहाल करतो ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे खरी, परंतु तिचा जन्म नगरचा. १५४९ साली निजामशाहीच्या अमदानीत महंमद बिन हसन रूमी ह्या तुर्की कारागिराने ती येथे ओतली. वजन सुमारे ५५ टन, आणि तोंड असे की सिंहाच्या उघड्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. ह्या तोफांसाठी मराठीपाशी स्वतःची भाषा होती. तोफेला बत्ती देत, बंदुकीच्या कानाला जळता तोडा लावत, एकामागून एक तोफा उडाल्या तर ती सरबत्ती, आणि ती सरबत्ती पुढे प्रश्नांची झाली. इंग्रजीतही फायर हे क्रियापद शस्त्रांना चिकटले ते ह्याच कारणाने; आरंभीच्या तोफांना आणि बंदुकांना खरोखरच हाताने विस्तव दाखवावा लागे, म्हणून बंदूक फायर करणे म्हणजे तिला अग्नी लावणे. चाप ओढण्याची सोय झाली, विस्तव हातातून गेला, शब्द मात्र राहिला.

आपल्या ‘डागणे’ ह्या क्रियापदाची कथा ह्याहून हृद्य आहे. दाग हा फारसी शब्द. मोगली लष्करात घोड्यांच्या अंगावर तापल्या लोखंडाने खूण करीत त्यालाही दाग म्हणत. हजेरीला दाखवलेले जनावर बदलून त्या जागी भाकड तट्टू उभे करण्याच्या लबाडीला आळा घालावा, हा त्यातला प्रशासकीय हेतू. त्या शब्दाने मराठीत घर केले तेव्हा जनावरांना डागणे आले, तोफ डागणे आले, कपड्यावरचा आणि कुळावरचा डाग आला. आणि शेवटी, आमच्याकडच्या खेड्यांतून मुलगा बापाला जे देतो त्यालाही ‘अग्निडाग’ हेच नाव मिळाले. शत्रूवर तोफ सोडणारा आणि पित्याच्या चितेला अग्नी देणारा ह्या दोघांच्या हातून घडणाऱ्या क्रियेला एकाच शब्दाचा आधार असावा, ह्यात भाषेची दरिद्रता पाहावी की तिची दूरदृष्टी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने आठ तारखेला नगर शहर घेतले आणि बारा तारखेला शिंद्यांचा किल्लेदार किल्ला सोडून बाहेर पडला, तेव्हापासून ह्या गावावर इंग्रजी फायरचा अंमल सुरू झाला म्हणावयास हरकत नाही. भिंगारची छावणी झाली, पुढे चिलखती दलाचे केंद्र आले, आणि आजही खारे कर्जुन्याच्या बाजूला सरावाचे मैदान आहे त्याला सारा तालुका के. के. रेंज म्हणतो. एखाद्या दुपारी खिडकीची तावदाने किंचित थरथरतात, भिंतीवरचे चित्र तिरपे होते, आणि भाजी निवडणारी बाई मान वर न करता ‘आज फायरिंग दिसतंय’ म्हणते. तिच्या स्वयंपाकघरात गॅस पेटला आहे. त्याला मात्र ती चुकूनही फायर म्हणत नाही. एकाच घरात, एकाच तोंडी, दोन अग्नी अशा दोन वेगळ्या भाषांत सुखाने नांदतात.

दुसरे दार कचेरीचे. फायरचा दुसरा अर्थ, म्हणजे चाकरीवरून काढून टाकणे, हा इंग्रजांचाही जुना नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तो रूढ झाला. बंदूक डिस्चार्ज होते आणि नोकरही डिस्चार्ज होतो, ह्या श्लेषातून तो निघाला असावा असे मानतात. म्हणजे माझ्या कारकुनाला मी गोळी घातली ती अगदीच हवेत नव्हती. ह्या क्रियेसाठी आपल्या जुन्या दप्तरात बडतर्फ हा शब्द आहे. मूळ फारसीत त्याचा अर्थ ‘एका बाजूला’ एवढाच. किती संयमी शब्द! मनुष्याला बाजूला सारले, बस्स. त्यात धूर नाही, दारू नाही, जखम नाही. बोलभाषा तर त्याहून खेळकर. ती नोकराच्या हाती नारळ देते. आता मात्र पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत काम करणारी आमची मुले सणाला घरी आली की ‘कंपनीनं चाळीस जणांना फायर केलं’ असे सांगतात, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी छाया येते तिच्यावरून वाटते की ह्या नव्या प्रकाराला ना बडतर्फ पुरेल, ना नारळ. तेथे चौकशी नाही, कैफियत नाही, अपील नाही; सकाळी पत्र येते आणि दुपारी टेबल रिकामे होते. ज्या वेगाने माणूस नाहीसा होतो त्या वेगाला बंदुकीचाच शब्द साजतो. डिस्चार्ज हा त्याचा सोबती मात्र इकडे येऊन अगदी सात्त्विक झाला आहे; आमच्याकडे तो फक्त रुग्णाला मिळतो आणि तो मिळाला की घरचे लोक पेढे आणतात.

तिसरे दार नगरपालिकेचे. आग विझवणाऱ्या गाडीला आम्ही लहानपणी आगीचा बंब म्हणत असू. हा बंब पोर्तुगीज. ‘बोंबा’ म्हणजे पाण्याचा पंप. त्याच नावाचे तांब्याचे एक पात्र न्हाणीघरात असे; त्याच्या पोटात जाळ आणि भोवती पाणी. एक बंब अग्नीच्या साह्याने पाणी तापवी, दुसरा पाण्याच्या साह्याने अग्नी मारी, आणि दोन्ही परस्परविरोधी कामे एकाच नावाखाली विनातक्रार चालत. पुढे फायर ब्रिगेड आले, अग्निशमन दल आले, आणि अलीकडे फायर ऑडिट हा शब्द आला. हा शब्द आमच्या जिल्ह्याने ज्या रीतीने पाठ केला ती रीत दुःखाची आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, दिवाळीच्या ऐन दिवसांत, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि दहाहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर पानाच्या ठेल्यापासून जिल्हा परिषदेच्या सभागृहापर्यंत फायर ऑडिट, फायर ऑडिट एवढेच कानी पडत होते. त्या परक्या शब्दाला तेव्हा कोणी प्रतिशब्द शोधला नाही, आणि तो शोधण्याची ती वेळही नव्हती. दुःखाच्या प्रसंगी माणूस हाताला लागेल तो शब्द उचलतो.

ह्या तीन दारांच्या विरुद्ध दिशेला एक चौथे दार आहे, तेथे इंग्रजी शब्द सहज आत यायला हवा होता आणि आला नाही. प्रवरेच्या खोऱ्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे धुराडे प्रथम पेटले, आणि त्यानंतर जिल्हाभर अशी धुराडी उभी राहिली. ह्या कारखान्यांतले बॉयलर, टर्बाइन, बगॅस, सारे काही इंग्रजी. परंतु हंगामाच्या तोंडावर, बहुधा दसऱ्याच्या सुमारास, जी निमंत्रणपत्रिका निघते तिच्यावर छापलेले असते ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’. बॉयलर इंग्रजीच राहिला, पण त्याच्या पोटात जो शिरायचा त्याला कोणी फायर म्हटले नाही. तेथे अग्नीच हवा, आणि तो पेटवायचाही नाही, प्रदीप्त करायचा. संचालक सपत्नीक पूजेला बसतात, नारळ वाढवला जातो, आणि मग त्या लोखंडी कुंडात आहुती पडते. त्याच कारखान्याच्या शेतकी खात्यात मात्र दुसरा एक शब्द कोरडेपणाने वावरतो: जळीत. फडाला आग लागली, वीजतारांची ठिणगी पडली, की उभ्या उसाचा जळीत ऊस होतो, त्याच्या दरातून कपात होते, आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात शेतकऱ्याचे वर्ष तीन ओळींत आटोपते. अग्निप्रदीपनाची पत्रिका आणि जळिताचा पंचनामा, ह्या दोन कागदांमध्ये आमच्या ऊसपट्ट्याचे सारे अग्निपुराण मावते.

आणि जेथे पूज्यभाव आहे तेथे तर भाषांतर उंबऱ्यावरच थांबते. शिर्डीच्या द्वारकामाईतली धुनी साईबाबांच्या हयातीपासून जळते आहे. बाबांचे देहावसान १९१८ च्या विजयादशमीचे, म्हणजे शतक उलटून गेले. नगरपासून जवळच मेहेराबादला मेहेरबाबांची धुनी दर महिन्याच्या बारा तारखेला सायंकाळी पेटवली जाते आणि तेथे देशोदेशींचे लोक येतात. त्या परदेशी भाविकांच्या तोंडूनही मी ‘धुनी’ हाच शब्द ऐकला आहे. फायर म्हटले की तिच्यातले काहीतरी विझते, हे त्यांनाही उमगले असावे. शब्दांची देवघेव एकाच दिशेने होते असे समजणाऱ्यांनी तेथे एखादी बारा तारीख गाठावी.

दोन भाषांच्या म्हणी समोरासमोर ठेवल्या म्हणजे स्वभावातले अंतर अधिक स्पष्ट दिसते. संकटातून सुटू पाहणारा इंग्रज तव्यातून उडी मारतो ती थेट आगीत पडतो; त्याच्या लेखी आग ही दुर्दैवाची परिसीमा आहे. मराठी माणूस मात्र आगीतून निघून फुफाट्यात पडतो. म्हणजे आग ही आपल्याकडे परिसीमा नव्हे, मधला मुक्काम आहे. तिच्याहून दारुण तो फुफाटा, ती वरून निवलेली, करडी, मऊ दिसणारी आणि आत धगधगणारी राख. आग दुरून दिसते, तिला वळसा घालता येतो. फुफाटा पाय पडेपर्यंत कळत नाही. धूर आणि अग्नी ह्यांच्या संबंधातही हाच भेद. आगीवाचून धूर नसतो असे इंग्रज म्हणतो तेव्हा बहुधा कोणाच्या तरी अब्रूवर संशय घेत असतो. आपल्या नैयायिकांनी डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान बांधले, त्यावर प्रमाणशास्त्राची इमारत उभी केली, आणि शिवाय बजावून ठेवले की धूर तेथे अग्नी हे खरे असले तरी अग्नी तेथे धूर हे खरे नव्हे. लोहाराच्या भट्टीतला लाल गोळा पाहा, त्याला धूर कोठे आहे? धूर नसलेला अग्नी, ज्वाला नसलेली धग, राखेखालचा निखारा: आपल्या भाषेचे लक्ष सारखे ह्या झाकलेल्या अग्नीकडेच लागलेले असते. इंग्रजीचा फायर हा सुटलेला अग्नी, तो सोडायचा असतो. आपला विस्तव हा राखलेला अग्नी, तो सांभाळायचा असतो. असा निकाल मी बरीच वर्षे मनाशी देऊन बसलो होतो.

हा निकाल फिरवला तो कर्फ्यू ह्या एका शब्दाने. गावात काही अशांतता झाली की दवंडी संचारबंदीची होते आणि लोक कर्फ्यू म्हणतात. टाळेबंदीच्या रिकाम्या दिवसांत, बाहेर पोलिसांच्या शिट्ट्या ऐकू येत असताना, केवळ वेळ जावा म्हणून मी कोश उघडला आणि त्या शब्दाचे मूळ वाचून थक्क झालो. जुन्या फ्रेंच भाषेतले ते दोन शब्द, आणि अर्थ केवळ एवढाच: विस्तव झाका. मध्ययुगातल्या युरोपात सायंकाळी घंटा होई आणि घरोघरी चुलीतले निखारे झाकून ठेवण्याचा हुकूम सुटे, कारण लाकडी घरांच्या वस्तीत एका चुलीतली ठिणगी साऱ्या गावाला पुरेशी असे. म्हणजे ज्या भाषेवर मी विस्तव राखता न येण्याचा ठपका ठेवला होता तिच्या पूर्वजांच्या घरीही रोज रात्री माझ्या आजीसारखीच एक आजी राखेचे पांघरूण घालीत होती. तिचा तो हुकूम सरकारी दप्तरात गेला, फौजदारी झाला, आणि फिरून आमच्या दारात आला तो हातात लाठी घेऊनच. मुळात तो निरवानिरवीचा शब्द होता.

मग मी एकेक राख उकरू लागलो. फोकस हा छायाचित्रकाराचा शब्द. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. केप्लरने १६०४ साली तो प्रकाशशास्त्रात आणला. लहानपणी भिंगाखाली कागद धरून आम्ही जेथे भोक पाडत असू तो बिंदू म्हणजे सूर्याची चूलच नव्हे काय? आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यालाच नाभी म्हणतात. एकाने चूल पाहिली, दुसऱ्याने बेंबी, आणि दोघांनीही शोधली ती पोषणाचीच जागा. बोनफायर म्हणजे मुळात हाडांची होळी. आणि शेतकऱ्याचा मुलगा सकाळी ट्रॅक्टरवर बसून जी इग्निशनची किल्ली फिरवतो, तिच्यात लॅटिन इग्निस आहे, आणि हा इग्निस आपल्या अग्नीचा सख्खा भाऊ. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या शब्दाने ज्याला हाक मारली तो देव नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन गाड्या ओढत चालला आहे आणि चालवणाऱ्याला त्याची वार्ता नाही. फायर हा पाहुणा म्हणून वेशीवरून आला होता खरा, पण त्याच्या सोबत्याचे, इग्निशनचे, नातलग आपल्या माजघरात आधीपासून नांदत होते.

आजीच्या आणि काकूंच्या भांडणाचा शेवट सांगायचा राहिला. श्रावणातली एक झडीची सकाळ होती. आमची राख पार थंड होती, काड्या सादळल्या होत्या, आणि पलीकडच्या आळीपर्यंत जायचे तर निखारा पावसात टिकणार नव्हता. आजी बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. मग तिने गोवरीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि कोठे जायचे ते सांगितले नाही. मी काकूंच्या दारात उभा राहिलो. काकूंनी माझ्याकडे पाहिले, गोवरीकडे पाहिले, आणि चिमट्याने दोनांऐवजी चार निखारे ठेवून वर राख भुरभुरली. बोलण्यासारखे दोघींकडेही पुष्कळ होते. बोलले कोणीच नाही. त्या दिवशी दुपारी नळावर आमचा हंडा काकूंनी सरकवून पुढे लावला.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एका चाचणी परीक्षेत मी मुलांना भाषांतरासाठी हेच वाक्य घातले होते: त्या दोन घरांमध्ये विस्तव जात नव्हता. हुशार मुलांनी ‘देअर वॉज एन्मिटी’ वगैरे बिनचूक उत्तरे लिहिली आणि पूर्ण गुण घेतले. पाथर्डीकडून आलेल्या, इंग्रजीत कायम मागे पडणाऱ्या एका मुलाने मात्र लिहिले होते: ‘फायर डिड नॉट गो बिटवीन दोज टू हाउसेस.’ मी सवयीने लाल पेन्सिल उचलली आणि फायरखाली रेघ ओढली. मग थांबलो. ‘कुठं गेली रे? चावडीवर?’ हा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला. ह्या मुलाला विचारले असते तर त्याने उत्तर दिले असते, की कुठंच गेली नाही सर, तीच तर अडचण आहे. रेघ खोडरबराने पुसली. लाल पेन्सिलीची खूण काही पूर्ण जात नाही, ती जराशी राहिलीच. समासात मी तीनपैकी तीन गुण मांडले.